इंजिन त्र्याहत्तर वेळा, चाक एकदा

विकणे आहे: डॉज पॉवर वॅगन, एक टनी पिकअप, फोर-व्हील ड्राइव्ह. चासीपर्यंत सुटा करून नव्याने उभा केलेला. मूळचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन. चार गिअर, टू-स्पीड ट्रान्सफर केस. वॉर्नचे हब. पुढे पीटीओ विंच, चालू स्थितीत.

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात या ट्रकच्या जाहिराती साधारण अशाच असतात. सोबत फोटो. छातीपर्यंत येणारं बोनेट, दोन्ही अंगांना जाड पोलादी मडगार्ड, त्यांवर गोल दिवे, बंपरवर तारेच्या दोराचं रीळ, मागे चौकोनी हौदा. आणि खाली किंमत. ती वाचून आधी वाटतं, छापताना एखादं शून्य जास्त पडलं असावं. मूळ रूपात नीट उभ्या केलेल्या ट्रकला हजारो डॉलर मोजावे लागतात. आत नवं इंजिन, नवे ब्रेक घालून सजवलेला असेल तर आकडा एक लाख डॉलरही सहज ओलांडतो.

एवढ्या पैशांत मिळतं काय? पॉवर स्टिअरिंग नाही. एसीचा प्रश्नच नाही. सुरुवातीच्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोही नाही, म्हणजे गिअर बदलायचा तर डबल क्लच मारायचा, नाहीतर आतले दाते कर्कश आवाजात तुमची लायकी काढतात. सपाट डांबरी रस्त्यावर पाय पूर्ण दाबलात तरी ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या पुढे फारसं काही घडत नाही. मग लोक एवढे पैसे कशाचे मोजतात?

त्या जाहिरातीतला एकेक शब्द उघडून बघायला हवा. प्रत्येकाच्या आत एक यंत्र आहे, आणि प्रत्येक यंत्र आधीच्या यंत्राने मागे ठेवलेली अडचण सोडवायला जन्माला आलंय.

आधी थोडं घराणं पाहू. दुसऱ्या महायुद्धात डॉजने अमेरिकन सैन्यासाठी चारही चाकांनी चालणारे ट्रक बनवले. डब्ल्यूसी मालिका म्हणतात ती हीच. 1941 ते 1945 या काळात असे अडीच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. कुणी तोफा ओढल्या, कुणी जखमींना वाहून नेलं, कुणी वायरलेसचे संच पाठीवर घेऊन फिरले. युद्ध संपलं आणि एक साधा प्रश्न उभा राहिला. चिखलातून, बर्फातून, नदीच्या पात्रातून जाणारी ही विद्या शेतकऱ्याला, लाकूडतोड्याला, तेलविहिरी खोदणाऱ्याला विकली तर?

1946 साली पॉवर वॅगन बाजारात आला तो या प्रश्नाचं उत्तर म्हणून. खालचा सगळा जुगाड लष्करी, वरची केबिन युद्धापूर्वीच्या नागरी ट्रकची. कारखान्यातून थेट सामान्य गिऱ्हाइकासाठी मोठ्या संख्येने निघालेल्या पहिल्यावहिल्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये त्याची गणना होते. आणि मग 1968 पर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, अमेरिकेत तो जवळपास त्याच चेहऱ्याने विकला गेला. या बावीस वर्षांत अमेरिकन मोटारींना मागे माशासारखे पंख फुटले, ते वाढले, टोकदार झाले आणि गळूनही पडले. पॉवर वॅगनने त्याची दखलही घेतली नाही.

आता इंजिन. अश्वशक्ती किती असेल? अंदाज करा. दोनशे? तीनशे?

फक्त 94!

आज आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली साधी छोटी हॅचबॅक जवळपास तेवढीच ताकद बाळगून असते. पॉवर वॅगनचं इंजिन 3.8 लिटरचं, म्हणजे हॅचबॅकच्या तिप्पट मोठं, तरी शक्ती तेवढीच. त्या हॅचबॅकला एक टन माल घालून ओल्या शेताच्या चढावर सोडा. पहिल्याच वाफ्यात बसेल. आणि हा ट्रक डुलत डुलत वर जाईल. शक्ती सारखीच, मग फरक कुठून आला?

याचं उत्तर गिअरमध्ये आहे, आणि ते इतकं साधं आहे की गणित करून पाहावंच. पॉवर वॅगनच्या पहिल्या गिअरचं प्रमाण 6.40. म्हणजे इंजिन 6.40 वेळा फिरतं तेव्हा गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट एकदा फिरतो. त्याच्या मागे ट्रान्सफर केस, तिचं ‘लो’चं प्रमाण 1.96. त्याच्याही पुढे चाकांच्या मधला क्राऊन-पिनियन, ज्याचं एक प्रमाण 5.83 असे. हे तिन्ही आकडे एकमेकांना गुणा. 73 येतात. इंजिनाने त्र्याहत्तर वेळा गरकन फिरायचं, तेव्हा चाकाने एकदा वळायचं!

साध्या मोटारीत पहिल्या गिअरला हाच आकडा पंधराच्या आसपास असतो.

निसर्गाचा इथला हिशेब चोख आहे. शक्ती तेवढीच ठेवून वेग त्र्याहत्तर पटींनी कमी केलात, तर घर्षणात जाईल ते वजा करून पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, त्र्याहत्तर पटींनी वाढतो. काही फुकट मिळत नाही, पण फारसं काही बुडतही नाही. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असताना हा ट्रक या गिअरमध्ये ताशी सव्वादोन किलोमीटर चालतो. माणूस चालतो त्याच्या निम्म्या वेगाने. ड्रायव्हरने खाली उतरून शेजारून चालत बिडी पेटवली तरी ट्रक त्याच्या पुढे जाणार नाही. (करून बघू नका. पण होईल.)

उतारावर तर याहून गंमत. एवढ्या खोल गिअरमध्ये ट्रकने खाली घसरायचं म्हटलं, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी त्याला इंजिन त्र्याहत्तर वेळा फिरवावं लागेल. इंजिन ते सहजासहजी होऊ देत नाही. त्यामुळे निसरड्या घाटातही ब्रेकला पाय न लावता ट्रक स्वतःला आवरत उतरतो. ब्रेक दाबला की चाक अडकून घसरण्याची भीती असते. इथे चाक सतत फिरत राहतं, फक्त घाई करत नाही.

सह्याद्रीतल्या गावांत ज्यांनी जुन्या महिंद्रा जीपमधून प्रवास केलाय, त्यांना मुख्य गिअरच्या शेजारचे ते छोटे दांडके आठवत असतील. मुलांना ते धरायची परवानगी नसे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत विलिज जीपची जोडणी सुरू झाली, तेव्हापासून ते दांडके आपल्याकडे आहेत. काम तेच: एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने ‘लो’ लावायचा. अशा बहुतेक गाड्यांत पुढची चाकं जोडल्याशिवाय ‘लो’ लागतच नाही. का? एवढा वाढलेला पीळ एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडला तर अ‍ॅक्सल मोडेल. तो चौघांत वाटून घ्यायचा असतो. ड्रायव्हरच्या शहाणपणावर विसंबायचं नाही, असं आधीच ठरवून ठेवलेलं.

तर ताकद हवी तेवढी मिळाली. आता ती जमिनीपर्यंत पोचवायची. आणि इथे एक फितूर भेटतो.

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा लांबचा रस्ता कापतं. लेझीमचं पथक चौकात वळताना पाहिलंय ना? आतल्या टोकाचा पोरगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाच्याला पळावं लागतं. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवली, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरपटत जाईल. यावरचा तोडगा एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच घड्याळजीने, ओनेसिफोर पेक्वरने, पेटंट करून ठेवला. तेव्हा मोटार कुणी पाहिलीही नव्हती. हाच डिफरन्शियल, आपल्या गॅरेजमधला ‘डिफ्रन्स’. दोन चाकांच्या दोन दांड्यांची टोकं समोरासमोर आणायची, दोघांवर एकेक दातेरी चकती बसवायची, आणि दोघींच्या मध्ये अडकलेली छोटी चाकं इंजिनाने ढकलायची. सरळ रस्त्यावर ही छोटी चाकं स्वतःभोवती फिरत नाहीत, दोन्ही बाजूंना सारखं रेटतात. वळणावर ती स्वतःभोवती हळूच फिरतात, आणि जेवढा वेग आतल्या चाकाचा कमी होतो तेवढाच बाहेरच्याला मिळतो. कुणाला काही सांगावं लागत नाही. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. दातेच आपसात ठरवतात.

अप्रतिम! पण ‘सारखं रेटतात’ हे शब्द पुन्हा वाचा. फितुरी तिथेच आहे. दोन्ही चाकांना नेहमी सारखाच रेटा मिळतो. मग एक चाक चिखलात गेलं तर? त्याला फिरायला जोरच लागत नाही. ते रेट्याला विरोध करत नाही म्हणून त्याच्यापर्यंत रेटा पोचतच नाही. आणि ते जेवढा घेईल तेवढाच दुसऱ्याला मिळणार! कोरड्या, टणक जमिनीवरचं धट्टंकट्टं चाक मख्खपणे उभं राहतं आणि चिखलातलं चाक भणाण फिरत चिखल उडवतं. पावसाळ्यात गाडी फसलेल्या प्रत्येकाने हे पाहिलंय. त्र्याहत्तर पटींचा पीळ त्या एका घसरत्या चाकाने मातीमोल केला.

फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे या फितुरीवरची पहिली चाल. ट्रान्सफर केस इंजिनाची ताकद दोन शाफ्टांत वाटते, एक पुढे, एक मागे. पॉवर वॅगनमध्ये दांडका ओढला की हे दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नाही. मागचा अ‍ॅक्सल हवेत फिरत बसला तरी पुढच्याला जोर मिळतोच. युद्धातल्या डॉजच्या पाऊण टनी ट्रकात ही ट्रान्सफर केस एकाच वेगाची होती. नागरी ट्रकाला दोन वेग मिळाले. म्हणजे शेतकऱ्याला सैनिकापेक्षा जास्त दिलं!

पण दोन शाफ्ट जखडले म्हणजे लेझीमचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ घेतात. त्यांना जास्त फिरायचं असतं आणि शाफ्ट फिरू देत नाहीत. कोरड्या डांबरावर टायर घट्ट धरून बसतात, मग हा फरक जातो कुठे? तो पोलादात साठतो. शाफ्टांना पीळ पडत जातो, गिअरचे दाते एकमेकांत रुततात, स्टिअरिंग जड होतं, आणि शेवटी कुठलं तरी टायर झटका देऊन घसरतं किंवा काहीतरी मोडतं. चिखलात मात्र टायर जरा जरा घसरत राहतात आणि पीळ आपोआप सुटत जातो. म्हणजे घसरू नये म्हणून केलेली ही योजना नीट चालण्यासाठी थोडं घसरणं लागतंच! चांगला रस्ता आला की दांडका पुढे ढकलून पुढची चाकं मोकळी करायची, हे म्हणूनच ड्रायव्हरला पाठ असावं लागतं.

आणि पुढची चाकं चालवणं हीच मुळात किती अवघड गोष्ट आहे! मागचं चाक नुसतं फिरतं. पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि डावी-उजवीकडे वळायचंही. म्हणजे फिरत्या दांड्याला मध्येच वाकवायचं. फिरता फिरता वाकणारा सांधा नवा नाही, सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा उपयोग दाखवून ठेवलाय. ट्रकखाली वाकून पाहिलंत तर प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला तो दिसेल. मेकॅनिक ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो. पण त्याच्यात एक खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूने अगदी एकसारखं फिरवलं तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. तीस अंशांत वाकवला तर पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा तेरा-चौदा टक्के मागे रेंगाळते आणि दोनदा पंधरा टक्के पुढे पळते. स्टिअरिंग वळवलं की पुढची चाकं उसळ्या घेत जाणार, आणि त्या थेट तुमच्या मनगटात.

1920 च्या दशकात या खोडीवर बऱ्याच जणांनी डोकं लढवलं. फ्रान्समध्ये ग्रेग्वारने, अमेरिकेत अल्फ्रेड रझेप्पाने. रझेप्पाची युक्ती समजली तेव्हा मला टाळी वाजवावीशी वाटली. एक वाटी, तिच्या आत एक गोळा, दोघांवर खोबणी, आणि खोबणींत पोलादाच्या सहा गोळ्या. एक दांडा वाटीला, दुसरा गोळ्याला. खोबणींचा आकार असा कोरलाय की सांधा कितीही वाकला तरी सहाही गोळ्या नेहमी दोन दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर दुभाजकावरच राहतात. दुभाजकावर म्हणजे दोन्ही दांड्यांपासून सारख्याच अंतरावर. मग एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वेग मिळेलच कसा? शाळेत आपण कोन दुभागायला शिकलो तेव्हा याचा उपयोग काय असं गुरुजींना विचारलं होतं. हा घ्या उपयोग. आज पुढच्या चाकांनी चालणाऱ्या प्रत्येक मोटारीत असा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, आहे. त्याचं रबर फाटलं की वळताना कट-कट वाजतं ते हेच.

हे सांधे बनवणं किती कठीण होतं? महायुद्धात अमेरिकेसारख्या देशालाही ते पुरेनात. जीएमसीच्या प्रसिद्ध तीन अ‍ॅक्सलच्या लष्करी ट्रकाचा एक प्रकार तर पुढच्या चाकांना ताकद न देताच बनवावा लागला, कारण सांध्यांचा तुटवडा होता. टँक, विमानं, जहाजं यांच्या आकड्यांनी भरलेल्या त्या युद्धाची एक अडचण मुठीएवढ्या सांध्यात होती.

जाहिरातीतले ‘वॉर्नचे हब’ याच सांध्यांशी जोडलेले. ट्रान्सफर केसने पुढची चाकं सोडली तरी ती रस्त्यावर फिरतातच, आणि फिरताना अ‍ॅक्सल, क्राऊन, शाफ्ट असा सगळा लवाजमा उलटा ओढत नेतात. पेट्रोल जातं, भाग झिजतात. 1948 मध्ये सिअ‍ॅटलच्या आर्थर वॉर्नने युद्धातून उरलेल्या जीपसाठी एक हब काढला. चाकाच्या मध्यावरची चकती हाताने फिरवायची. एका बाजूला फिरवली की चाक दांड्यापासून सुटं, दुसरीकडे फिरवली की जोडलेलं. अडचण एवढीच की हे आधी आठवायला हवं. विसरलात तर चिखलात उतरून, गुडघ्यांवर बसून, मळलेल्या चाकाच्या पोटात हात घालून ते फिरवावं लागतं.

आणि एवढं सगळं करूनही ट्रक फसतो. डिफरन्शियल पुढेही आहे, मागेही आहे. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोन चाकं एकाच वेळी सुटली, तर दोन्ही फितूर आपापल्या जागी काम करतात आणि चारही चाकांचा ट्रक दोन चाकं फिरवत उभा राहतो.

म्हणून पुढे विंच.

इथे या ट्रकचं खरं मन कळतं असं मला वाटतं. 1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहापैकी नऊ ग्रामीण घरांत वीज नव्हती. युद्धानंतर तारा झपाट्याने पोचत होत्या, तरी शेताच्या बांधावर, जंगलात, तेलाच्या माळावर वीज कुठली? डॉजने हा ट्रक विकताना स्वतःच्या चाकांवर चालत जाणारं शक्तिघर म्हणूनच विकला. गिअरबॉक्सच्या कुशीला एक छोटी पेटी बसवलेली असते, तीच पीटीओ, म्हणजे पॉवर टेक-ऑफ. एक दांडका ओढला की इंजिनाची ताकद दुसरीकडेही वळवता येते. मागच्या बाजूला शाफ्ट काढून त्याला पट्ट्याची पुली लावा. करवत चालवा, मळणीयंत्र चालवा, पंप लावून पाणी उपसा. पुढच्या बाजूचा शाफ्ट रेडिएटरच्या खालून जातो आणि विंच फिरवतो. चाकं फिरवायची की काम करायचं, ते मालकाने ठरवायचं. प्रवास हे या यंत्राच्या अनेक कामांतलं फक्त एक काम होतं.

विंच दहा हजार पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार टन ओढ देतो. ट्रकच्या स्वतःच्या वजनाहून कितीतरी जास्त. तारेचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं आणि ट्रकने स्वतःलाच खेचून बाहेर काढायचं. इथे चाकांना जमीन धरण्याची गरजच उरत नाही, त्यामुळे फितुरीलाही जागा नाही. आतला गिअर वर्म पद्धतीचा, म्हणजे पिळाच्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारा. दांडा चाकाला फिरवू शकतो, चाकाने दांड्याला उलटं फिरवणं अतिशय कठीण.

आता उरलं फ्लॅटहेड. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर असतात. यात ते सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून बसलेले, आणि वरचं हेड म्हणजे जवळपास सपाट झाकण. आत येणारी हवा खालून वर येते, वळते, मग सिलिंडरमध्ये उतरते. या वळशामुळे इंजिन जोरात पळू लागलं की धापा टाकतं. मिनिटाला 3200 फेऱ्यांवर त्याची पूर्ण शक्ती निघून संपते. पण ज्याला सावकाशच जायचंय त्याला फरक काय पडतो? हलक्या प्रतीचं पेट्रोल पाजा, तक्रार नाही.

1961 मध्ये पॉवर वॅगनला याच घराण्यातलं थोडं मोठं फ्लॅटहेड मिळालं. त्याच घराण्याचा युद्धातला पराक्रम सांगितल्याशिवाय राहवत नाही. शर्मन रणगाड्यांसाठी इंजिनं कमी पडायला लागली तेव्हा क्रायस्लरच्या, म्हणजे डॉजच्या मालक कंपनीच्या, लोकांनी आपली मोटारीची सहा सिलिंडरची पाच फ्लॅटहेड इंजिनं घेतली, एका मध्यवर्ती शाफ्टभोवती गोलाकार मांडली आणि जोडून टाकली. तीस सिलिंडर! कागदावर हा प्रकार कुणाही इंजिनिअरला वेडेपणा वाटेल. प्रत्यक्षात तो चालला, हजारो रणगाड्यांत चालला. नगरच्या रणगाडा संग्रहालयात शर्मन घराण्याचा रणगाडा पाहिलात तर हे आठवा.

आपल्यालाही हे इंजिन परकं नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1940 च्या दशकाच्या अखेरीस कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो मोटारी आणि डॉज-फार्गो ट्रक जोडायला घेतले. त्या काळातल्या मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी सहा सिलिंडरची फ्लॅटहेड हेडं किती वेळा खोलली असतील कोण जाणे.

आता जाहिरातीतला सगळ्यात महाग शब्दसमूह: चासीपर्यंत सुटा करून. सत्तर वर्षांचा ट्रक पुन्हा नवा करता येतो तो कसा? कारण तो नट-बोल्टांनी बांधलेला आहे. खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर पाटे, अ‍ॅक्सल, इंजिन, आणि वर केबिन आणि हौदा वेगवेगळे ठेवून आवळलेले. क्रमाने बोल्ट सोडवत गेलात तर शेवटी हातात फक्त चासी उरते. ती वाळूच्या माऱ्याने पांढरी होईपर्यंत घासायची, तडे शोधायचे, रंगवायची, आणि उलट क्रमाने सगळं परत चढवायचं. आजच्या मोटारीचा सांगाडा आणि कवच एकाच वेल्ड केलेल्या पत्र्याचे. तिला असं उकलता येत नाही. शिवाय बावीस वर्षं चेहरा न बदलण्याचा फायदा इथे कळतो: एका वर्षाच्या ट्रकाचे कितीतरी भाग दुसऱ्या वर्षाच्या ट्रकाला बसतात.

ट्रक कुठे राहिला यावरही पुष्कळ अवलंबून. बर्फाच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि पत्रा खालून खाल्ला जातो. कोकणात गाडी ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कोरड्या पश्चिमेकडचा ट्रक रंग उडालेला, काचा फुटलेला असेल, पण पत्रा शाबूत.

काही जण याच चासीवर नवं चारशे अश्वशक्तीचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, डिस्क ब्रेक चढवतात. दिसायला तोच ट्रक, पळायला आजचा. किंमत दुप्पट-तिप्पट. घेणाऱ्याच्या हौसेला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण मला विचाराल तर त्यात गंमत निम्मी झाली. ज्याच्याकडे चारशे अश्वशक्ती आहे त्याला त्र्याहत्तर पटींची गरज उरत नाही.

मूळचाच ट्रक विकायला असेल तर विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: विंचच्या शाफ्टमधली पिन कुठली आहे? विंचकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये एक मऊ धातूची पिन मुद्दाम घातलेली असते. एवढ्या पोलादात एकच भाग कमकुवत, आणि तो जाणूनबुजून तसा केलेला. ओढ मर्यादेबाहेर गेली, तार तुटून कुणाच्या अंगावर यायची वेळ आली, की सगळ्यांच्या आधी ती पिन कापली जाते. इंजिन फिरत राहतं, विंच थांबतो, बाकी सगळं वाचतं. नवी पिन घालायची, पुन्हा कामाला लागायचं. अतिशहाणा मालक तीच पिन पुन्हा पुन्हा तुटते म्हणून वैतागून तिथे कडक पोलादाचा बोल्ट ठोकतो. मग पुढच्या वेळी काय मोडायचं ते विंच ठरवतो. पत्र्याचा रंग, नवे टायर, चकचकीत दिवे नंतर पाहा. आधी खाली वाका आणि तिथे पिन आहे की बोल्ट, ते बघा. बोल्ट निघाला तर किंमत खुशाल पाडून मागा.